वाडग्याकडची खिडकी

"ही?" सावळाराम मिस्त्रीनं भिंतीला लावलेली टेप सोडली. ती सर्रकन डबीत गेली. "वहिनी, ही काढायची? मला मल्हारनं सांगितलं तवा वाटलं, म्होरल्या अंगाची आसंल."

"हीच," मनिषा म्हणाली. तिच्या कडेवर दीड वर्षांची स्वराली होती आणि ती सारखी खिडकीकडे झेपावत होती. मनिषानं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं, तर पोर मान वळवून पुन्हा तिकडेच बघायला लागली.

"म्हातारीला इचारलंय का?"

"घर आमचंही आहे की, सावळारामभाऊ."

"तसं न्हाय वो. आबाच्या हातची हाय म्हणून म्हणलं." त्यानं एका फळीची झडप उघडून मिटून बघितली. "गज न्हाय, कडी न्हाय. चोराला आवतण धाडल्यागत हाय म्हणा. सळया, काच, रंग आन् बसवणी धरून साडेआठशे पडतील. काच दाणेदार टाकू का साधी?"

"साधी. आरपार दिसली पाहिजे."

"आरपार काय दिसायचं हितं? माळ आन् वारा." सावळाराम हसला, पण खिडकीतून बाहेर वाकून मापं घ्यायची वेळ आली तेव्हा तो वाकला नाही. घराला वळसा घालून बाहेर गेला आणि तिकडूनच टेप लावली.

घर निमगाव केतकीच्या वरच्या माळावर होतं. फाट्यावर एसटीतून उतरून चालायला लागलं की आधी ऊस मागे पडायचा, मग डाळिंबाच्या बागा मागे पडायच्या आणि शेवटी नुसता मुरूम आणि वाऱ्यानं एका अंगाला वाकलेल्या बाभळी उरायच्या. तिथे मनिषाच्या सासऱ्यांनी, आबाजींनी, दगडमातीत दोन खोल्या बांधल्या होत्या. मागच्या खोलीला पश्चिमेकडे ही खिडकी, कमरेइतक्या उंचीवर. बाहेर मेंढरांचं वाडगं. मेंढरं आता नव्हती. कधीतरी, मनिषाचा नवरा मल्हार कॉलेजात असताना, आबाजी कळप घेऊन नेहमीसारखे दिवाळीनंतर कोकणाच्या अंगाला उतरले आणि परतीच्या वाटेवर तापानं गेले. सोबत्यांनी त्यांना तिथेच माती दिली, मेंढरं तिथेच विकली. घरी आलं ते घोंगडं. वाडग्याच्या काटेरी कुंपणाचे चार बुंधे तेवढे उरले होते. जमीन मात्र वर्षानुवर्षांच्या लेंड्यांनी काळीभोर झालेली, ती काळीच राहिली. तिच्या पलीकडे रस्त्याच्या कामासाठी खणलेली मुरमाची खाण होती. तिला ना बांध, ना कुंपण.

मनिषा वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, बारामतीच्या कॉलेजात बी. ए. झालेली. तिच्या माहेरच्या खिडक्यांना काचा होत्या. समोरच्या क्वार्टरलाही काचाच होत्या, आणि त्यातून कुणीतरी ओळखीचं दिसायचं. भांडी घासणारं, रेडिओ पिळणारं, दाढी करणारं. खिडकीतून कोण दिसेल याचं तिला कधी भय वाटलं नव्हतं. इथे येऊन ते शिकावं लागलं, आणि तेही लेक झाल्यावर. त्याआधी तिनं ही खिडकी नीट पाहिलीसुद्धा नव्हती.

लेक झाली आणि तिची झोप पातळ झाली. पोर शिंकली तरी ती उठून बसायची. पल्स पोलिओचा डोस पाजून आणला तर पोरीच्या जिभेचा रंग बघत बसायची. अशा बघण्यात एकदा तिला सासू दिसली.

सरुबाई, म्हणजे तिच्या सासूबाई. मनिषा त्यांना आत्या म्हणायची. दिवेलागणीला त्या मागच्या खोलीत जायच्या. दिवा लावायच्या नाहीत. झडप उघडायच्या, दोन्ही हात कोपरापर्यंत बाहेर काढायच्या, तळवे वर करून, आणि उभ्या राहायच्या. तोंड बाजूला भिंतीकडे. थोड्या वेळानं हात आत घ्यायच्या, झडप लावायच्या आणि मग दिवा. रोज.

"सवय हाय तिची," मल्हार म्हणाला. तो इंदापूर डेपोत कंडक्टर होता. दिवसाआड मुक्कामी गाडीवर असायचा. जेवताजेवता त्यानं सांगितलं, "रानात मेंढी व्याली की आबा कोकरू झोळीत घालून आणायचं. पण आमच्यात दारातनं कोकरू आणत न्हायीत. दारातनं आल्यालं दारातनंच जातंय म्हणत्यात. म्हणून ही खिडकी. बाहेरनं आबा द्यायचं, आतनं आय घ्यायची. बोलायचं न्हाय. बघायचं न्हाय. कोण हाय म्हणून तर इचारायचंच न्हाय. हात म्होरं करायचं आन् येईल ते घ्यायचं."

"का?"

"का म्हंजी? मी घंटी वाजीवली की डायवर का गाडी काढतो? त्यानं कवा का म्हणून इचारलंय?" आणि तो मोठ्यानं हसला.

मनिषालाही हसू आलं. पण पुढच्या खेपेला तिनं दारातून नीट पाहिलं. बाहेर काढलेले सासूचे हात मधेच थोडे खाली गेले. बाजारातून आलेल्या माणसाच्या हातातली जड पिशवी आपण घेतो तेव्हा जातात, तेवढेच. मग आत्यांनी ते हात छातीशी घेतले, आणि पदराच्या टोकानं, पुढे काहीच नसताना, काहीतरी हलक्या हातानं पुसत राहिल्या. वैशाखाचे दिवस होते. माळावर पाण्याचा थेंब नव्हता, आणि खोलीत ओल्या लोकरीचा वास होता.

ते तिनं कुणाला सांगितलं नाही. बी. ए. झालेल्या बाईनं असलं काय सांगायचं! म्हातारं माणूस, नवरा परमुलखात गेला, हातांना जुनं वळण लागलेलं. वास काय, घोंगडं असतं खुंटीवर. असं तिनं स्वतःला समजावलं आणि समजूत पटलीही, त्या दुपारपर्यंत.

ती दुपार उन्हानं बधिर झालेली होती. मनिषा कपडे वाळत घालून आत आली, तर स्वराली खिडकीत. दगडी उंबऱ्यावर बसलेली, पाय बाहेर सोडलेले, आणि दोन्ही हात वर. समोर कुणी उचलायला आलं की मुलं करतात तसे. ती खिदळत होती. तिचं झबलं दोन्ही काखांपाशी वर ओढलं गेलं होतं, चुण्या पडून, जणू कुणी काखेत हात घातले असावेत.

मनिषानं झडप घालून पोरीला आत ओढलं. पोर रडायला लागली. आईच्या हातात असूनही खिडकीकडे हात करून रडायला लागली.

आत्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"आत्या, तुमचं लक्ष कुठं होतं? पडली असती ती!"

"न्हाय पडायची. आबा हायती." एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "पडू द्यायचं न्हायीत ते."

मनिषानं पोरीला छातीशी घट्ट धरलं. त्या माणसानं आजवर वाडग्यातून आत दिलं होतं. आता तो बाहेर घ्यायला लागला होता. असा विचार आपण करतोय याचीच तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो विचार काही जाईना. त्या दिवसापासून ती पोरीला क्षणभरही मागच्या खोलीत सोडेना. झडपेला तिनं जुन्या साडीच्या काठानं गाठ मारून ठेवली, तर दिवेलागणीला आत्या मुकाट्यानं ती सोडायच्या आणि नंतर पुन्हा तशीच मारून ठेवायच्या.

मल्हार मुक्काम करून आला तेव्हा तिनं त्याला पायातले बूटही काढू दिले नाहीत.

"गजाची खिडकी बसवायची. काचेची."

"बसवू की. दिवाळीला बघू."

"दिवाळीला नाही. या महिन्यात."

"पैसं काय तुझ्या बापाच्या कंपनीतनं येणार हायती का?"

"माझ्या बापानंच दिलेले आहेत. वाळे मोडा."

मल्हारनं एक बूट काढला आणि तो हातात धरून बसला. बारशाला माहेरून आलेले चांदीचे वाळे होते ते, वजनदार, घुंगरांचे. पोर घरात कुठेही गेली तरी छुमछुम ऐकू यायची. चुलीपाशी बसूनसुद्धा कळायचं, आता दारात आहे, आता माठापाशी आहे. आत्या तर त्या आवाजावर भाकरी थापायच्या.

"वाळं मोडायचं?" तो म्हणाला. "आन् आयला कोण सांगणार?"

"मी सांगते."

तिनं सांगितलं तेव्हा आत्या अंगणात शेण कालवत होत्या.

"काच म्हंजी भायलं दिसंल?"

"दिसेल की. स्वच्छ दिसेल."

"आन् हात?"

"हात नाही जाणार, आत्या. तेवढ्यासाठीच तर."

आत्यांनी शेणाचा गोळा पाटीत टाकला, हात पाटीच्या काठाला निपटले. "पोर तुझी हाय," म्हणाल्या, आणि पाटी उचलून गेल्या.

मल्हारनं इंदापूरच्या सराफाकडे वाळे दिले, सावळारामला विसार दिला, आणि मापं घेऊन गेल्यावर आठवड्यानं सावळाराम पहार घेऊन आला. मल्हार त्या दिवशी पुन्हा मुक्कामी होता.

बाभळीची जुनी चौकट काही सुखासुखी निघेना. भिंतीचे दोन दगड घेऊन ती बाहेर आली. उंबऱ्याचा दगड मधोमध खोलगट झाला होता, गुळगुळीत. सावळारामनं त्यावरून तळवा फिरवला. "बायामाणसांच्या पोटानं घासलाय ह्यो," म्हणाला. "ह्या म्हातारीच्या, तिच्या सासूच्या. जुन्या घरातनं आणून बसीवला व्हता आबानं." आत्या पुढच्या दाराशी पाठ करून बसल्या होत्या. पहारीच्या प्रत्येक घावाला त्यांच्या खांद्याला झटका बसत होता.

दुपार कलली आणि सावळाराम निघायच्या तयारीत हात धुवायला लागला. भिंतीला भगदाड तसंच.

"अहो, आणि खिडकी?"

"निमगावात सकाळधरनं लाईट न्हाय, वहिनी. वेल्डिंग राह्यलंय. उद्या फाटंच्या पयल्या गाडीला घिऊन येतो."

"असं उघडं टाकून जाताय?"

"पोतं बांधतो की. आन् कोण येतंय हितं? इलेक्शनबिगर पुढारी बी ह्या माळाला फिरकत न्हाय." पोत्याची दोन टोकं त्यानं खिळ्यांना अडकवली आणि सायकलवर टांग टाकून तो उतारानं गेला.

मनिषानं लग्नातली पत्र्याची ट्रंक ओढत ओढत नेऊन भगदाडाखाली लावली. पुढचं दार लावून घेतलं, आतून अडसर घातला. स्वरालीला मागच्या खोलीच्या दाराशी, आपल्या नजरेच्या टप्प्यात, वाकळेवर झोपवलं. आत्या अडसराला टेकून बसल्या होत्या. दिवेलागण होत आली तरी उठल्या नाहीत.

"आज नाही जायचं आत?" मनिषाच्या तोंडून गेलं. तिलाच कळेना आपण का विचारलं.

"उघडल्याली आसती तर गेले आसते. ही मोडल्याली हाय."

वारा पडला होता. पोतं हलत नव्हतं. स्टोव्हवर दूध ठेवलं होतं, ते वर यायला लागलं. मनिषा वळली, पदरानं पातेलं उतरवलं, स्टोव्हची हवा सोडली. एवढाच वेळ. पुन्हा वळून बघते तर वाकळ रिकामी.

आवाज आला नव्हता. कुठून येणार? वाळे सराफाकडे होते. मनिषाच्या मनात ते विजेसारखं चमकून गेलं. पोर झोपेतून उठली, चालत गेली, आणि आपणच पायरीसारखी लावून ठेवलेल्या ट्रंकेवर चढली, छुम न करता.

पोतं हलत होतं.

ती धावली. ट्रंकेवर गुडघा टेकून तिनं पोतं ओढून काढलं. बाहेर उजेड संपत आलेला, सगळं राखेच्या रंगाचं. खाली काढून टाकलेले दगड. पलीकडे काळी जमीन. तिच्या पलीकडे जमीन नव्हती, खाण होती. पोर कुठेच दिसत नव्हती.

"स्वरा!" तिनं हाक मारली. माळानं ती गिळून टाकली. मग भिंतीला लागूनच, अगदी हाताच्या अंतरावर, कुणीतरी श्वास घेतला. मोठा, चालून आलेल्या माणसाचा.

"को—"

मागून आत्यांचा खरबरीत तळवा तिच्या तोंडावर पडला. "इचारू नगं," त्या तिच्या कानात म्हणाल्या. "बघू बी नगं. हात म्होरं कर."

आत्यांनी तिचं तोंड भिंतीकडे वळवलं, तळवा तसाच तोंडावर. मनिषानं डोळे मिटले आणि दोन्ही हात त्या भगदाडातून बाहेर काढले. तळवे वर. बाहेरची हवा गार होती. ओल्या लोकरीचा वास आला, बिडीचा आला. हात दुखायला लागले. बोटं बधिर झाली. काहीच होत नव्हतं, आणि तिला वाटलं की आता ओरडावं, या बाईचा हात चावावा आणि उडी टाकून खाणीकडे पळावं.

मग हातांवर वजन आलं. एकदम नाही. आधी थोडं, मग जास्त, मग सगळं. घेणाऱ्याच्या हातांना पेलतंय ना, हे बघून सोडावं तसं.

तिनं पोरीला आत घेतलं. स्वराली जागी होती, शांत होती, अंगठा चोखत होती. मनिषानं तिला दिव्यापाशी नेऊन पायापासून डोक्यापर्यंत चाचपलं. कुठे खरचटलेलं नव्हतं. तळपाय मात्र तांबडे झाले होते. वाडग्याची माती काळी. तांबडा मुरूम खाणीच्या काठाला. पोर तिथपर्यंत जाऊन आली होती. आणि तिची टाळू ओली होती, केस एका बाजूला चापून बसलेले, मेंढीनं कोकराला चाटावं तसे.

पोर आईच्या मांडीवर पुन्हा झोपली.

"बघितलंस?" आत्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं केलंस."

मनिषा पोरीचे तळपाय ओल्या फडक्यानं पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आत्या, उद्या खिडकी बसणार."

तिला वाटलं, आता तरी त्या काही बोलतील. दोन शब्द सुनावतील, की बाई गं, एवढं होऊनही? आज त्यानं दिलं. उद्या न दिलं तर? रोज हात पसरून उभं राहायची छाती तिच्यात नव्हती. पोर खिडकीकडे झेपावायची थांबली पाहिजे, एवढंच तिला कळत होतं.

"बसू दे," आत्या म्हणाल्या. "मला बी किती दीस जमणार? आन् त्यांनी तरी किती येरझारा घालाव्या." त्या उठल्या, पोतं पुन्हा खिळ्यांना अडकवलं आणि ट्रंक मात्र एकटीनं ओढून लांब नेऊन ठेवली.

सकाळी सावळाराम पहिल्या गाडीच्या टपावर टाकून खिडकी घेऊन आला. निळा ऑइल पेंट, उभ्या सळया, पुढे काच. सिमेंट कालवायला पाणी आत्यांनीच तांब्यानं ओतून दिलं. "आता कसं!" सावळाराम काच धरून ठेवणाऱ्या लांबीचा गोळा अंगठ्यानं काचेच्या कडेला दाबत म्हणाला. "बंगल्यागत दिसतंय घर. म्हातारे, आबा आसतं तर म्हणलं आसतं, सावळ्या, तू तर माझ्या घराला चष्मा लावलास!" आत्या खरोखर हसल्या. त्यांनी त्याला चहा दिला, जाताना पानही दिलं. खोलगट दगड त्यांनी उचलायला लावून घराच्या भिंतीपाशी ठेवून घेतला. मल्हार ड्युटीवरून आला, काचेवर टिचकी मारून बघितली आणि झोपला. रात्रीचं त्याला कुणी काही सांगितलं नाही.

संध्याकाळी मनिषा पोरीला घेऊन नव्या खिडकीपाशी उभी राहिली. दिवा लावला नव्हता. लावला असता तर काचेत आपली खोलीच दिसली असती. स्वराली तिच्या खांद्यावर मान टाकून होती. काचेकडे बघतही नव्हती. तिला तिथे काही नव्हतंच.

पुढच्या दाराचा अडसर निघाल्याचा आवाज आला. जरा वेळानं आत्या घराला वळसा घालून वाडग्यात येताना दिसल्या. या वेळेला त्यांना दारातून बाहेर पडताना मनिषानं कधीच पाहिलं नव्हतं. त्या वाडग्याच्या मधे आल्या आणि घराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तोंड एका बाजूला वळवलं, हात पुढे केले.

काचेतून आवाज येत नव्हता. बाभळीची फांदी हलत होती, तिचाही नाही.

हात खाली गेले. जरासेच. आत्यांनी ते छातीशी घेतले, पदरानं पुसलं, खूप वेळ पुसलं. मग त्या हळूहळू घराकडे वळल्या, खिडकीजवळ आल्या. काचेपलीकडे उभ्या असलेल्या सुनेकडे आणि नातीकडे त्यांनी बघितलं. मनिषाला वाटलं, आपण काहीतरी करायला हवं. काय, ते सुचलं नाही. आत्यांनी मान हलवली, असू दे म्हणावं तशी, आणि परत फिरल्या.

काळ्या जमिनीवर त्या गुडघे मोडून बसल्या. छातीशी होतं ते खाली ठेवलं. एक तळवा त्याच्या पोटाखाली धरला, पाय अजून ठरत नाहीत अशा जिवाला धरतात तसा. थांबल्या. तळवा थोडा काढला, पुन्हा लावला. पुन्हा थांबल्या. अंधार वर वर येत होता. शेवटी त्यांनी हात अलगद काढून घेतला आणि तो मांडीवर ठेवला. त्यांची मान वळत गेली, नजर जमिनीलगत कशाच्या तरी मागोमाग, हळू, मग जराशी भरभर. वाडग्याच्या बुंध्यापर्यंत. खाणीच्या काठापर्यंत. काठाच्या बाजूबाजूनं. मग पुढे, मावळतीकडे.

त्या उठल्या. लुगड्याची माती झटकली.

दारातून आत येऊन त्यांनी न्हाणीत हात धुतले, चुलीपुढे बसल्या आणि काटकी मोडून आत सारली.

"पीठ काढलंस का?"

"काढते. मी थापते भाकरी, तुम्ही बसा, आत्या."

"दे हिकडं परात," सरुबाई म्हणाल्या. "आज हात मोकळं हायती."